गाव खेड तालुक्यात, आमदार गुहागरचा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात अशी कितीतरी गावं आहेत, की जिथल्या माणसाला सातबाऱ्यासाठी खेडच्या तहसीलीत जावं लागतं, पंचायत समितीचं काम निघालं तरी खेडलाच जावं लागतं; पण विधानसभेची निवडणूक लागली की त्याचं मत गुहागर मतदारसंघात मोजलं जातं. त्याच तालुक्यातली बाकीची गावं दापोलीचा आमदार निवडतात. २००४ च्या निवडणुकीपर्यंत खेड हा स्वतंत्र मतदारसंघ होता. २००९ च्या यादीत त्याचं नाव नव्हतं. संगमेश्वरचंही तेच झालं.

‘आमचा तालुका असा मधोमध कापला कुणी, आणि कशासाठी?’ हा प्रश्न एकट्या कोकणातला नाही. निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याही पारावर बसा, कोणीतरी तो काढतोच, आणि ‘पुढाऱ्यांनी केलं, दुसरं कोण करणार?’ असं उत्तरही लगेच मिळतं. या उत्तरात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. खेड आणि संगमेश्वर गेले त्याला कारण एक साधा भागाकार होता. तो कुणालाही वहीत करून पाहता येतो.

१. आधी वाटणी, मग बांध

घटनेचं ८२ वं कलम सांगतं की, प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या जागांची नव्याने मांडणी व्हावी. विधानसभांसाठी हेच काम १७० व्या कलमात आहे. या कामाला मतदारसंघांची पुनर्रचना म्हणतात. हल्ली वर्तमानपत्रांत परिसीमन असंही छापून येतं, गोष्ट एकच.

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ठाऊक असतं की तिथे भांडणं दोन असतात. कुणाच्या वाट्याला किती एकर, हे पहिलं. ते मिटलं की बांध नेमका कुठून घालायचा, हे दुसरं; आणि पुष्कळदा दुसरंच जास्त चिघळतं. पुनर्रचनेतही कामं दोन आहेत. देशातल्या एकूण जागांपैकी कुठल्या राज्याला किती द्यायच्या, हे वाटणीचं काम. मिळालेल्या जागांच्या हद्दी राज्यात कुठून जातील, हे बांधाचं काम.

टीव्हीवरच्या चर्चेत या दोन्हींची सर्रास भेसळ होते. वास्तविक त्यांचा इतिहासही वेगळा आहे. राज्याराज्यांतली वाटणी शेवटची झाली ती १९७१ च्या जनगणनेवर. बांध मात्र २००१ च्या जनगणनेवर नव्याने घातले गेले आणि २००८ पासून लागू झाले. आपण बांधापासून सुरुवात करू, कारण तो आपल्या दाराशी आहे.

२. भागाकार

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या भरली ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला की एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं येतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

इथे माणसं मोजली जातात, मतदार नाहीत. पाळण्यातलं मूलही एक आणि सत्तरीचे आजोबाही एक. शिवाय माणूस जिथे राहताना सापडतो तिथे मोजला जातो. गणपतीला आणि शिमग्याला न चुकता गावी जाणारा, गावच्या देवळाच्या वर्गणीत पहिला असणारा चाकरमानी जनगणनेच्या कागदावर विरार किंवा डोंबिवलीचा असतो. कोकणातल्या जागा कमी होण्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं.

आता जिल्ह्यांचे हिशेब लावू. रत्नागिरीची २००१ ची लोकसंख्या १६ लाख ९७ हजार. तिला ३ लाख ३६ हजारांनी भागलं की ५.०४ येतात, म्हणजे ५ जागा. आधी जिल्ह्यात ७ होत्या. तालुके ९ आणि आमदार ५, तेव्हा प्रत्येक तालुक्याचा स्वतःचा मतदारसंघ होणं शक्यच नाही. गुहागर तालुका एकटा तर या सरासरीच्या निम्म्यालाही पोचत नाही. तो भरून काढायला शेजारच्या खेड आणि चिपळूणमधली गावं जोडावी लागली. खेड तालुक्याचे दोन तुकडे झाले ते असे.

सिंधुदुर्गात ८ लाख ६९ हजार माणसं. भागाकार २.५८, जागा मिळाल्या ३, आधी ४ होत्या. रायगडचा भागाकार ६.५६, जागा ७. पुण्याचा भागाकार मोठा गमतीचा आहे. ७२ लाख ३३ हजार भागिले सरासरी, उत्तर बरोबर साडेएकवीस. शाळेतल्या नियमाने २२ व्हायला हरकत नव्हती. पदरात पडल्या २१. सगळ्या जिल्ह्यांची बेरीज २८८ च्या पुढे जाऊन चालत नाही, म्हणून कुणाचा अपूर्णांक वर ढकलला जातो, कुणाचा खाली. गणितात माणसाचा हात पहिल्यांदा शिरतो तो इथे.

सर्वांत मोठी उलथापालथ मुंबई-ठाण्यात झाली. मुंबई शहर जिल्ह्याच्या १७ जागा होत्या, त्या १० राहिल्या. उपनगराच्या १७ होत्या, त्या २६ झाल्या. पालघर वेगळं होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात १३ होत्या, तिथे २४ झाल्या. आधीच्या हद्दी १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या. मधल्या तीस वर्षांत गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळमधली बिऱ्हाडं कल्याण-डोंबिवलीकडे सरकली, मीरा-भाईंदर, वसई-विरार फुगत गेलं, आणि आमदार मात्र जुन्याच हिशेबाने निवडले जात होते. विदर्भाच्या ६६ जागा होत्या, त्या ६२ झाल्या. त्या चार जागांचं दुःख नागपूरकडच्या माणसाशी बोलताना अजूनही निघतं.

दिल्लीतलं उदाहरण तर याहून टोकाचं आहे. जुन्या हद्दींवर झालेल्या शेवटच्या लोकसभा निवडणुकीत, २००४ मध्ये, चांदनी चौक मतदारसंघात साडेतीन लाखांच्या आसपास मतदार होते आणि बाह्य दिल्लीत तीस लाखांहून जास्त. खासदार दोन्हीकडे एकच. चांदनी चौकातल्या एका मताचं वजन बाह्य दिल्लीतल्या आठ-नऊ मतांइतकं झालं होतं. ‘एक माणूस, एक मत’ यावर आपण समाधानी असतो; त्या मताचं वजन किती, हे पुनर्रचना ठरवते.

तरीही सगळे मतदारसंघ काट्यावर तोलून सारखे करता येत नाहीत. २००२ मध्ये नेमलेल्या आयोगाने सरासरीच्या वर किंवा खाली दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल असं धोरण ठेवलं. महाराष्ट्रात त्याचा अर्थ सुमारे ३ लाख ३ हजार ते ३ लाख ७० हजार. ही सूट नसती, तर गावंसुद्धा मधून कापावी लागली असती. प्रत्यक्षात ग्रामीण भागात तलाठी सजाला सहसा हात लावत नाहीत. तालुका फोडायचा झाला तर महसूल मंडळं आणि सजे इकडचे तिकडे करतात. शहरात हेच काम वॉर्डांवर होतं.

३. सहा-सहाचे गट

आता लोकसभा. महाराष्ट्राच्या जागा ४८, विधानसभेच्या २८८. म्हणजे प्रत्येक खासदारामागे नेमके सहा आमदार. कायद्याची अट अशी की, विधानसभेचा मतदारसंघ पूर्णच्या पूर्ण एका लोकसभा मतदारसंघात असला पाहिजे. अर्धा इकडे, अर्धा तिकडे चालत नाही. तेव्हा काम उरतं ते सहा-सहाचे गट पाडण्याचं. सोपं वाटतं. पुण्यापासून सावंतवाडीपर्यंत करून बघा.

पुणे जिल्ह्यात २१. बारामतीचे सहा, शिरूरचे सहा, पुणे शहराचे सहा. अठरा झाले, तीन उरले: मावळ, चिंचवड, पिंपरी. या तिघांना आणखी तीन सोबती हवेत. पूर्वेला जायचं तर तिकडचे गट मोडतात. म्हणून घाट उतरून रायगड जिल्ह्यातले पनवेल, कर्जत आणि उरण घेतले. झाला मावळ लोकसभा मतदारसंघ. रायगडात ७ पैकी ४ उरले: पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड. त्यांना दोन कमी पडतात, म्हणून रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर जोडले. रत्नागिरीत ५ पैकी उरले ३, सिंधुदुर्गात आहेतच ३. सहा जुळले, रत्नागिरी-सिंधुदुर्ग तयार.

पुण्यात तीन उरले म्हणून दापोलीचा माणूस रायगडचा खासदार निवडतो. एकीकडची उरलेली बाकी पुढच्या जिल्ह्यात जाते, तिथली त्याच्या पुढच्या.

यवतमाळ जिल्ह्याचे आमदार सात. त्यातले चार यवतमाळ-वाशीममध्ये, वणी आणि आर्णी चंद्रपुरात, आणि उमरखेड थेट मराठवाड्यातल्या हिंगोलीत. एका जिल्ह्याला तीन खासदार. उमरखेडच्या माणसाचा आमदार विदर्भाच्या अनुशेषावर बोलणार आणि खासदार हिंगोलीच्या प्रश्नांवर. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, लोकसभेला ती धाराशिवमध्ये. बागलाण नाशिक जिल्ह्यातलं, पण धुळ्यात.

हद्द आखताना काय पाहावं, हे कायद्यात लिहिलेलं आहे: मतदारसंघ शक्यतो सलग आणि आटोपशीर असावा, डोंगर, नद्या अशा नैसर्गिक रचनेचा, प्रशासकीय हद्दींचा, दळणवळणाच्या सोयींचा आणि लोकांच्या सुविधेचा विचार व्हावा. ‘शक्यतो’ या शब्दावर सगळी भिस्त. मावळ मतदारसंघाच्या मधून सह्याद्री जातो. अर्थात तिथे द्रुतगती मार्ग आहे, लोणावळ्याहून पनवेल गाठायला फार वेळ लागत नाही, म्हणून ते एक वेळ खपून जातं.

जम्मू-काश्मीरमध्ये ते तसं खपलं नाही. तिथल्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या. मे २०२२ मध्ये त्यांच्या आयोगाने अनंतनाग-राजौरी असा लोकसभा मतदारसंघ केला. अनंतनाग काश्मीर खोऱ्यात, राजौरी आणि पूंछ पीर पंजाल रांगेच्या पलीकडे. दोन्हींना थेट जोडणारा मुघल रोड हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. याच आदेशाने विधानसभेच्या ८३ जागांच्या ९० झाल्या. वाढलेल्या सातांपैकी सहा जम्मूला गेल्या आणि एक काश्मीरला, जरी २०११ च्या जनगणनेत काश्मीरची लोकसंख्या जम्मूपेक्षा जास्त होती. आयोगाने भूगोल आणि दुर्गमता यांचा हवाला दिला. खोऱ्यातल्या पक्षांनी तो मानला नाही. नियम तेच, फक्त ‘शक्यतो’चा अर्थ वेगवेगळा लावला.

४. बांध सरकला की निकाल सरकतो

समजा, एका भागात सारख्या लोकसंख्येची नऊ गावं आहेत आणि तीन-तीन गावांचा एक असे तीन मतदारसंघ करायचे आहेत. पाच गावं ऊसवाल्यांची, चार कांदेवाल्यांची. मत प्रत्येकजण आपल्या पिकाच्या माणसालाच देणार, असं धरून चालू.

पहिली आखणी: एका मतदारसंघात तिन्ही गावं ऊसवाली. उरलेली दोन ऊसगावं दोन मतदारसंघांत एकेक, आणि प्रत्येकात कांद्याची दोन-दोन. निकाल? ऊसवाले एका ठिकाणी एकतर्फी जिंकतील, बाकी दोन जागा कांदेवाल्यांच्या.

दुसरी आखणी: दोन मतदारसंघांत उसाची दोन-दोन आणि कांद्याचं एकेक गाव, तिसऱ्यात उसाचं एक आणि कांद्याची दोन. आता ऊसवाले दोन, कांदेवाले एक.

एकही मत बदललं नाही, लोकसंख्येची समानताही कुठे मोडली नाही. सरकार मात्र बदललं. भागाकार एका मर्यादेपर्यंतच प्रामाणिक राहतो, त्यानंतर रेष आखणाऱ्या हाताचा प्रामाणिकपणा लागतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हा हात तिथल्या विधिमंडळाचाच असतो, म्हणजे ज्यांना त्या हद्दींत निवडून यायचं आहे तेच हद्दी आखतात. त्यावरून तिथे दर दहा वर्षांनी कोर्टकज्जे ठरलेले.

आपल्याकडे हे काम स्वतंत्र आयोगाकडे असतं. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ अशा चार वेळा देशपातळीवरचे आयोग नेमले गेले. २००२ च्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी आणि त्या-त्या राज्याचे निवडणूक आयुक्त, असे तिघे निर्णय घेतात. त्यांच्या सोबतीला प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य असतात, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना बोलता येतं, पर्यायी आराखडा देता येतो, पण मत देता येत नाही आणि निर्णयावर सहीही करता येत नाही. त्यांचं वेगळं मत असेल, तर तेही मसुद्याबरोबर प्रसिद्ध करावं लागतं.

माझ्या मते ही आपल्या निवडणूक व्यवस्थेतली एक चांगली तरतूद आहे. राजकारण्यांची माहिती घ्यायची आणि कात्री मात्र त्यांच्या हातात द्यायची नाही. ‘पुढाऱ्यांनी केलं’ हे उत्तर अपुरं ठरतं ते यामुळेच. सहयोगी सदस्य झालेला मुरब्बी आमदार आपल्या सोयीचं महसूल मंडळ पदरात पाडून घेण्याचा प्रयत्न करणार नाही, असं समजणं भाबडेपणाचं होईल. पण मातब्बर माणसांचेही मतदारसंघ या फेऱ्यात गेले आहेत. पंढरपूर हा अनुसूचित जातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ २००८ मध्ये यादीतून गेला आणि तिथले खासदार रामदास आठवले यांना २००९ मध्ये शिर्डीतून उभं राहावं लागलं. ते तिथे हरले.

५. राखीव जागा कशा ठरतात?

ग्रामपंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची आरक्षण सोडत आपण पाहतो. चिठ्ठ्या निघतात, आरक्षण फिरतं. लोकसभा-विधानसभेचं आरक्षण तसं फिरत नाही. ते पुनर्रचनेच्या वेळी ठरतं आणि पुढच्या पुनर्रचनेपर्यंत तसंच राहतं.

किती जागा, हे पुन्हा त्रैराशिक. २००१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण १०.२ टक्के होतं आणि अनुसूचित जमातींचं ८.९ टक्क्यांच्या जवळ. २८८ च्या त्या प्रमाणात २९ आणि २५ जागा आल्या. लोकसभेच्या ४८ पैकी ५ आणि ४. कुठे, याचे नियम मात्र दोघांसाठी वेगळे आहेत. जमातींच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण सर्वाधिक तिथेच जातात. म्हणून नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर. जातींच्या जागा तुलनेने जास्त प्रमाण असलेल्या भागांत, पण राज्यभर पसरून द्यायच्या असतात. म्हणून रामटेक, अमरावती, लातूर, सोलापूर, शिर्डी.

सुरुवातीच्या निवडणुकांत वेगळीच पद्धत होती. काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईच्या अशाच द्विसदस्य मतदारसंघात उभे होते आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

आरक्षण जनगणनेला बांधलेलं असलं की काय होतं, ते गोव्यात बघा. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. २००१ च्या जनगणनेत, साहजिकच, ते जमाती म्हणून मोजले गेलेच नव्हते. पुनर्रचना त्याच आकड्यांवर झाली. २०११ ची गणना आली तेव्हा गोव्यात जमातींची संख्या १ लाख ४९ हजार निघाली, अनुसूचित जातींची २५ हजारांच्या आसपास. जातींसाठी पेडणे राखीव, आणि त्यांच्या सहापट असलेल्या जमातींसाठी ४० पैकी एकही जागा नाही. संसदेने यासाठी वेगळं विधेयक संमत केलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे दर्जा मिळाल्यावर बावीस वर्षांनी.

६. १९७१ ची शिरगणती अजून का चालते?

आता वाटणीकडे वळू. १९७१ मध्ये तमिळनाडूची लोकसंख्या ४ कोटी १२ लाख, जागा ३९. एका खासदारामागे साडेदहा लाख. महाराष्ट्र ५ कोटी ४ लाख, जागा ४८, साडेदहा लाख. राजस्थान २ कोटी ५८ लाख, जागा २५. सव्वादहा लाखांच्या वर. सगळं कसं जुळलेलं.

तोवर प्रत्येक जनगणनेनंतर जागा खरोखर हलत होत्या. १९६१ च्या जनगणनेनंतर मद्रास राज्याच्या ४१ जागांच्या ३९ झाल्या होत्या. मग आली आणीबाणी. कुटुंबनियोजनावर सरकारचा जोर होता, आणि ज्या राज्यांनी ते मनावर घेतलं त्यांचेच खासदार कमी होणार, हे उघड दिसत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. ती मुदत आली तेव्हा ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि सरकारने पुढची जाहीर केली ती १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची. लोकसभा-विधानसभेतलं महिलांचं एक-तृतीयांश आरक्षण देणारी २०२३ ची १०६ वी दुरुस्तीही जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेलाच बांधली गेली. आज या रूक्ष विषयावर एवढी हातघाई दिसते ती यामुळे.

२०११ चे आकडे घेऊन पाहू. एका खासदारामागे तमिळनाडूत साडेअठरा लाख माणसं, केरळात १६ लाख ७० हजार, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार, उत्तर प्रदेशात २५ लाख, राजस्थानात २७ लाखांच्या वर. ५४३ जागा तशाच ठेवून लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या, तर ढोबळमानाने उत्तर प्रदेशाच्या ८० च्या ९० होतात, राजस्थानच्या २५ च्या ३१. तमिळनाडूच्या ३९ च्या ३२ आणि केरळच्या २० च्या १५. महाराष्ट्र ४८ वरून ५० वर जातो. आपल्याकडे या वादाची धग जाणवत नाही, त्याचं कारण हेच. आपण सरासरीच्या जवळ आहोत.

कुणाचीच जागा कमी करायची नसेल तर एकूण संख्या वाढवा, असं सुचवलं जातं. केरळच्या २० शाबूत ठेवून सगळ्यांना त्याच मापाने द्यायचं, तर लोकसभा सुमारे ७२५ ची होते. घटनेत आज राज्यांसाठी ५३० आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी २० ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ती बदलावी लागेल. बसायला जागा आहे. नव्या संसद भवनात लोकसभेचं सभागृह ८८८ आसनांचं आहे. पण त्या ७२५ मध्ये उत्तर प्रदेशाचे १२० होतील आणि केरळचे वीसच. आज सभागृहात केरळचा वाटा ३.७ टक्के आहे, तेव्हा २.८ टक्के उरेल. संख्या वाचली, वजन गेलंच.

दक्षिणेच्या तक्रारीत दम आहे. कुटुंबनियोजनाचं काम नीट केल्याबद्दल कुणाचा आवाज कमी होऊ नये. राजस्थानी मतदाराची तक्रारही खरी आहे. केरळच्या मतदाराच्या तुलनेत त्याच्या मताचं वजन जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी का? मला खटकतं ते वेगळंच. राज्याच्या आत हाच हिशेब आपण २००८ मध्ये निमूट लावून घेतला. रत्नागिरीच्या सातांच्या पाच झाल्या, विदर्भाच्या चार गेल्या, ठाण्याच्या जवळपास दुप्पट झाल्या. तमिळनाडूतही जिल्ह्याजिल्ह्यांत हद्दी नव्या आकड्यांवरच आखल्या गेल्या. रत्नागिरीने लोकसंख्या आवरल्याचं बक्षीस मागितलं असतं, तर मुंबईत कुणी दिलं असतं? राज्य हा संघराज्याचा घटक आहे आणि जिल्हा नाही, हा फरक मोठा आहे, मान्य. पण तो फरक मोजून किती जागांना तोडीस तोड धरायचा, हे कुठल्याही भागाकारातून निघणार नाही. ते बोलूनच ठरवावं लागेल. पन्नास वर्षं आपण ते बोलणं फक्त पुढे ढकललं.

७. मसुदा हाती आल्यावर

राज्यांचं काय व्हायचं ते दिल्लीत होईल. बांधाच्या बाबतीत मात्र सामान्य माणसाला बोलण्याची एक खिडकी असते, आणि ती थोडाच काळ उघडी राहते. आयोग आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतो, हरकती-सूचनांसाठी तारीख देतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचं बळ मिळतं. तो लोकसभेत आणि विधानसभेत मांडला जातो, पण तिथे त्यात बदल करता येत नाही. घटनेचं ३२९ वं कलम न्यायालयाचं दारही जवळपास बंद करतं. उज्जैन मतदारसंघ राखीव केल्याविरुद्ध मेघराज कोठारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९६६ च्या निकालाने त्यांना परत पाठवलं. २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्यायालयाने आदेश उघडउघड मनमानी असेल तर तपासता येईल असं म्हटलं, पण तेवढीच फट.

तेव्हा पुढचा मसुदा येईल त्या दिवशी त्यात आपल्या मतदारसंघाचं नाव शोधू नका, नाव बहुधा सापडेलच. आपलं महसूल मंडळ आणि आपला तलाठी सजा शोधा, कारण बदल त्या बारीक अक्षरांत असतो. हरकत घ्यायची असेल, तर ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहू नका. आमचा सजा अमुक मतदारसंघात घ्यावा, त्याच्या बदल्यात तमुक सजा तिकडे द्यावा, दोन्हींची लोकसंख्या इतकी, त्यानंतरही दोन्ही मतदारसंघ दहा टक्क्यांच्या आत राहतात, आणि आमच्या गावातून त्या ठिकाणी जायला हा रस्ता आहे, असं आकड्यांनिशी लिहा. गावोगावच्या सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा बेरीज जुळवून दिलेला असा एक कागद आयोगाला नाकारणं जास्त अवघड जातं.